पुढे मिठाचं काय झालं?

ग्रंथालयात छापील पुस्तक परत करणारा माणूस काउंटरवर पुस्तक ठेवतो आणि जातो. ऑडिओबुक परत करणारा थांबतो. दहा-बारा तास एक आवाज त्याच्या गाडीत, स्वयंपाकघरात, रात्री उशाशी बोलत राहिलेला असतो. तो थांबला की त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या एका लहान सार्वजनिक ग्रंथालयात मी बरीच वर्षं ऑडिओबुकांचा विभाग सांभाळते. लोकांचं हे बोलणं ऐकून घेणं माझ्या कामांच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही, पण या नोकरीत मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं तिथूनच आलं.

आमच्या विभागात एका प्रकाराला बारा महिने मागणी असते. अणुयुद्ध झालं, साथ आली, वीज कायमची गेली, आणि मग उरलेली माणसं कशी जगली याच्या कादंबऱ्या. या भागात त्यांची ओढ जरा जास्तच, कारण त्यांतली एक गाजलेली कादंबरी इथलीच आहे. विल्यम फोर्स्टचेन हे जवळच्या मॉन्ट्रीट कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक. त्यांची ‘वन सेकंड आफ्टर’ २००९ साली आली. आकाशात फार उंचावर अणुस्फोट होतो, त्यातून निघालेल्या विद्युतचुंबकीय लाटेनं वीज, फोन, गाड्या सगळं एका क्षणात बंद पडतं, आणि ब्लॅक माउंटन नावाचं खरंखुरं गाव पुढचं वर्ष कसं काढतं, त्याची ही गोष्ट. आमच्या श्रोत्यांना त्यातली प्रत्येक खिंड पायाखालची. त्यामुळे मतंही ठाम.

मी आले तेव्हा या प्रकाराशी माझी ओळख नव्हती. शाळेत असताना जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ वाचली होती, तेवढीच. पण त्या कथेत जग वाचवायला वैज्ञानिक असतात. इथे जग वाचतच नाही. कुणी वाचवायलाही येत नाही. पहिल्या हिवाळ्यात लोक मला या गोष्टी सांगू लागले तेव्हा वाटलं, एवढं अंधारलेलं ऐकायला रोज कशाला कुणी पैसे आणि वेळ घालवील? पैसे अर्थात लागत नाहीत, ग्रंथालय फुकट आहे, पण वेळ लागतो. स्टीफन किंगची ‘द स्टँड’ ग्रोव्हर गार्डनर यांच्या आवाजात जवळजवळ अठ्ठेचाळीस तासांची आहे. आमचा एक ट्रकचालक ती इथून निघताना सुरू करायचा, कॅलिफोर्नियात माल उतरवायचा आणि परतताना ॲमरिलोच्या आसपास ती संपायची. त्यानं ती तीनदा तरी ऐकली असेल. त्याचं म्हणणं, पहिला तिसरा हिस्सा सोन्यासारखा आहे. साथ एका माणसाकडून दुसऱ्याकडे, पेट्रोल पंपावरून हॉटेलात, हॉटेलातून पुढच्या गावात जाते, तो भाग. “मी याच रस्त्यानं माल नेतो,” तो म्हणायचा. “माल जातो तसंच हेही जाईल.” पुढचं सत्-असत् शक्तींचं युद्ध त्याला पटायचं नाही, तरी तो शेवटपर्यंत ऐकायचा. गार्डनर यांचा आवाज सोबतीला बरा वाटतो, एवढंच कारण द्यायचा.

आवाजाबद्दलची ही मतं मी सुरुवातीला फारशी मनावर घेत नसे. पुढे कळलं की निम्मं पुस्तक आवाजच असतो. ‘वन सेकंड आफ्टर’ जो बॅरेट यांनी वाचलं आहे आणि त्याचा पुढचा भाग ब्रॉन्सन पिंचॉट यांनी. पिंचॉट उत्तम निवेदक आहेत. तरी दुसरा भाग घेऊन गेलेल्यांपैकी कितीतरी जण पहिल्याच सीडीनंतर परत आले. “हा आमचा कर्नल नव्हे,” नायकाबद्दल ते म्हणत. तेरा तास ज्याच्या आवाजात एका बापानं आपली मुलगी गमावली, तो आवाज बदलला म्हणजे घरातला माणूस बदलल्यासारखं त्यांना वाटे. पुरुष निवेदकानं बाईचं बोलणं नाकात, बारीक आवाजात वाचलं की बायका हटकून तक्रार घेऊन येतात, आणि ती तक्रार रास्त आहे. ज्या बाईनं दोन मुलांना घेऊन शंभर मैल चालत काढले, ती लाडिक आवाजात बोलणार नाही. आणि आमच्या डोंगररांगांचं नाव कुणी उत्तरेकडच्या पद्धतीनं उच्चारलं, की म्हातारी मंडळी सीडी तिथेच बंद करतात.

शिक्षिका असलेल्या एका श्रोतीनं ‘द रोड’ मध्येच सोडलं. कॉर्मॅक मॅकार्थींची ही २००६ची कादंबरी तिनं छापील वाचली होती आणि ती तिला आवडलीही होती. टॉम स्टेकशुल्ट यांनी ती फार संयमानं वाचली आहे. मूळ मजकुरात संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, कोण बोलतंय तेही पुष्कळदा लिहिलेलं नाही. बापाचं वाक्य आणि मुलाचं वाक्य वेगळं करायला त्यांच्याकडे श्वासाएवढाच अवकाश असतो, आणि तो त्यांना पुरतो. मग सोडलं का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, कागदावर बाप आणि मुलगा तळघरात उतरतात ते भीषण पान आलं तेव्हा माझे डोळे आपोआप खालच्या ओळीवर गेले होते. गाडीत तसं करता येईना. तो माणूस त्याच्या चालीनं वाचत होता आणि मला त्याच्याबरोबर जिना उतरावा लागला.

तिचं हे मत मी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं. ऐकणाऱ्याला नजर चुकवता येत नाही. वाचणाऱ्याला येते. त्यानंतर कुणी यातलं पुस्तक मागितलं की मी आधी विचारते, गाडीत ऐकणार का, रात्री झोपताना, की मुलं मागच्या सीटवर असताना? रात्री ऐकणाऱ्याला मी ‘वर्ल्ड वॉर झी’ देते. मॅक्स ब्रूक्सच्या या पुस्तकात संकट उलटून गेल्यावर जगभरच्या वाचलेल्या माणसांच्या मुलाखती आहेत, आणि प्रत्येक मुलाखतीला वेगळा कलाकार. ॲलन अल्डा, कार्ल रायनर, मार्क हॅमिल असे मोठे लोक. ज्याचा आवाज ऐकतो आहोत तो जगला, हे श्रोत्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं, म्हणून झोप लागते. सुरुवातीची आवृत्ती संक्षिप्त होती. छापील पुस्तक वाचलेल्यांची त्यावर जी नाराजी होती ती २०१३ साली पूर्ण आवृत्ती आली तेव्हा जरा निवळली.

या सगळ्यांत ज्यांचं मत मी सगळ्यात वजनदार मानते, त्या आमच्या एक अंध श्रोत्या. त्यांच्याकडे राष्ट्रीय ग्रंथालय सेवेची बोलकी पुस्तकं टपालानं येतात. अमेरिकेत अंधांसाठी ही सोय १९३०च्या दशकापासून आहे, बाकीच्या जगाला ऑडिओबुक हा शब्द माहीत होण्याच्या कितीतरी आधी. शिवाय आमच्याकडून व्यावसायिक आवृत्त्या. एकच पुस्तक दोन निवेदकांकडून ऐकणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचा आग्रह असा की वाचणाऱ्यानं मध्ये येऊ नये. “मला भीती वाटायला हवी की नको, ते मी ठरवीन. त्यानं फक्त काय झालं ते सांगावं.” मी पुण्यात असताना अंध विद्यार्थ्यांसाठी कॅसेटवर पाठ्यपुस्तकं वाचून दिली होती. तिथेही मुलं हेच सांगायची, ताई, अभिनय नको, सावकाश वाचा. परीक्षेसाठी म्हणून त्यांना तसं हवं असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

जॉन विंडहॅमची ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ याच बाईंनी परत केली तेव्हा त्या चिडलेल्या होत्या. १९५१ सालच्या या कादंबरीत आकाशातली हिरवी आतषबाजी पाहिलेलं जवळजवळ सगळं जग एका रात्रीत आंधळं होतं. गोष्ट सांगतो तो डोळस माणूस. बाईंना प्रश्न पडला होता की या पुस्तकात माझ्यासारख्यांना सकाळी काय वाटलं असेल? आम्हाला तर घर, जिना, चूल, रस्ता सगळं पाठ. आम्ही शिकवलं असतं की. त्यांना ती दुसरी कादंबरी हवी होती. ती मला कुठे सापडली नाही. पण त्या दिवसानंतर कुठलंही पुस्तक ऐकताना मी मनात विचारते, यात गोष्ट सांगायचा मान कुणाला मिळालाय आणि कुणाला मिळायला हवा होता?

मिठाची गोष्ट त्याच सुमाराची. ‘अलास, बॅबिलॉन’ ही पॅट फ्रँकची १९५९ची कादंबरी. अणुयुद्धानंतर फ्लॉरिडातलं एक लहान गाव जगापासून तुटतं. विल पॅटन यांनी ती वाचली आहे, दक्षिणेकडच्या बोलीचा गोडवा राखून. ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी ती नेली होती. आठवड्यानं त्यांचा फोन आला. सीडीवर चरा पडला होता आणि गावातलं मीठ संपत आलंय इथपर्यंत येऊन ती अडकत होती. “ते सगळं राहू दे. पुढे मिठाचं काय झालं, तेवढं सांग.” मी त्यांना फोनवरच सांगितलं की नायकाला एका पूर्वजाची जुनी रोजनिशी सापडते, तीत मिठाची जागा लिहिलेली असते आणि ते तिथे जाऊन मीठ आणतात. आजींनी सुटकेचा श्वास टाकला. मग म्हणाल्या, “फार उशिरा सुचलं त्यांना.”

त्यांचं लहानपण याच डोंगरांत गेलेलं. थंडी पडली की डुक्कर कापायचं, मांडीचे मोठे तुकडे मिठात चोळून लाकडी पेटीत थरावर थर लावायचे, कित्येक आठवड्यांनी काढून धुऊन टांगायचे. ते वर्षभर पुरे. मीठ कमी पडलं तर हाडापाशी मांस नासतं, बाहेरून काही कळत नाही, कापल्यावर वास येतो. आईनं एकदा अख्खी मांडी नदीत टाकून दिली होती आणि त्या हिवाळ्यात घरात कुणी त्याबद्दल बोललं नव्हतं. हे त्या मला फोनवर सांगत होत्या, काउंटरवर दोन माणसं थांबली होती, आणि मला फोन ठेववेना. बॉम्ब, किरणोत्सर्ग, लुटारू यांतल्या कशाबद्दलही आजींना काही म्हणायचं नव्हतं. मीठ कुठून आणणार, याचा पत्ता लागल्याशिवाय त्यांना झोप येणार नव्हती.

मला वाटतं, ही पुस्तकं लोक ऐकतात ती नाशासाठी नव्हेच. नाशाची प्रकरणं बहुतेकांना आठवतही नाहीत. आठवतो तो हिशेब. काय संपलं, कधी संपलं, कुणाला आधी दिलं. आणि प्रत्येक जण हिशेबातली एकच ओळ धरून बसतो. माझ्याकडे एक निवृत्त मेकॅनिक येत. ‘वन सेकंड आफ्टर’मध्ये महामार्गावरच्या झाडून सगळ्या नव्या गाड्या जागच्या जागी बंद पडतात, याचा त्यांना राग होता. अमेरिकी संसदेनं नेमलेल्या आयोगानं गाड्यांवर चाचण्या केल्या होत्या, त्याचा २००८चा अहवाल त्यांनी छापून आणला होता. चाचणीत बहुतेक गाड्या चालत राहिल्या आणि काही बंद पडल्या त्याही पुन्हा सुरू झाल्या. मी त्यांना १९६२ सालच्या पॅसिफिकवरच्या स्फोटाबद्दल विचारलं, त्यानं चौदाशे किलोमीटरवर हवाईतले रस्त्यावरचे काही दिवे गेले होते. “दिवे जातील,” ते म्हणाले, “गाडी मी चालू करून दाखवीन.” अख्खं आयुष्य बंद गाड्या चालू करण्यात गेलेल्या माणसाला ते पुस्तक सांगत होतं की तुझा काही उपयोग होणार नाही. त्यांनी तो अहवाल का बाळगला होता, ते मला समजत होतं.

आणि इन्शुलिन. या प्रकारातल्या कितीतरी पुस्तकांत मधुमेहाचं एक माणूस असतं. ‘अलास, बॅबिलॉन’मध्ये एक प्रौढ बाई आहे, फोर्स्टचेन यांच्या पुस्तकात नायकाची धाकटी मुलगी. फ्रिज बंद पडतो आणि मरण तारीख घेऊन येतं. आमच्याकडची एक आई फोर्स्टचेन यांचं पुस्तक अर्ध्यातून परत घेऊन आली. तिच्या मुलाला सहाव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. ती म्हणाली, “लेखकाला ही मुलगी रडवण्यासाठी हवी आहे. माझ्या घरात ती रोज सकाळी शाळेत जाते.” पुस्तक पुढे कुठे जाणार हे तिनं पहिल्याच तासात ओळखलं होतं. मी काही समजावायला गेले नाही. तिनं कादंबरीवर केलेला आरोप मी आजही पूर्ण खोडून काढू शकत नाही.

२०२४ साली आमच्या श्रोत्यांच्या गटानं ऑक्टेव्हिया बटलरची ‘पॅरबल ऑफ द सोअर’ निवडली होती. १९९३ साली लिहिलेली ही कादंबरी २०२४च्या जुलैमध्ये सुरू होते, म्हणून तेच वर्ष साधलं. उन्हाळ्यात लिन थिग्पेन यांच्या आवाजात ती ऐकून झाली. नायिका पंधरा वर्षांची. कुंपणाच्या आतली वस्ती टिकणार नाही हे ओळखून ती पळून जाण्यासाठी एक पिशवी भरून ठेवते आणि वडिलांची पुस्तकं चाळून खाण्याजोग्या वनस्पती शिकते. त्या पिशवीवर आमची बैठक रंगली. कुणी काय काय ठेवील याच्या याद्या झाल्या. पाणी सगळ्यांच्याच यादीत होतं, पण पिण्यापुरतं.

सत्तावीस सप्टेंबरला हेलीन वादळ डोंगरांवर आलं. समुद्र इथून शेकडो मैल दूर. चक्रीवादळ म्हणजे किनाऱ्यावरची गोष्ट, असं धरून चालणारी ही माणसं. माउंट मिचेलच्या बाजूला बझिकला तीन दिवसांत तीस इंचांहून जास्त पाऊस पडला. स्वॉनानोआ नदीनं घरं उचलून नेली, ॲशविलला फ्रेंच ब्रॉड नदीनं १९१६च्या महापुराची खूण ओलांडली. राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली. वीज, फोन, इंटरनेट, पाणी एकाच सकाळी गेलं आणि महामार्ग दोन्ही बाजूंनी तुटला. फोर्स्टचेन यांनी ज्या गावाला जगापासून तोडलं होतं ते ब्लॅक माउंटन खरोखरच तुटलं.

त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे. इथे मी माझ्या विषयापुरतंच लिहिते. आमची इमारत शाबूत राहिली. फोनवर उतरवून घेतलेली पुस्तकं गाडीत फोन चार्ज करत लोक ऐकत होते. ज्यांचं काहीच उतरवलेलं नव्हतं ते जुन्या सीडी न्यायला आले, ज्या आम्ही काढून टाकायच्या बेतात होतो. मागणी होती ती विनोदी कथांची, गुप्तहेरांची, मुलांच्या पुस्तकांची. जग बुडाल्याची कादंबरी त्या सबंध हिवाळ्यात कुणी मागितली नाही. खरं ऐकणं चालू होतं ते रेडिओचं. काउंटीची रोजची माहिती रेडिओवरून यायची आणि लोक गाडीत बसून, काचा वर करून, ती ऐकायचे. पाणी कुठे मिळेल, कुठला रस्ता उघडला, औषधांची गाडी कुठे थांबेल. वाचणारी माणसं थकलेली होती, कधी अडखळत होती, पण आवाज सरळ होता. अंध बाईंचं निवेदनाबद्दलचं मत मला तिथे, पार्किंगमध्ये, पूर्ण समजलं. पुढे आमच्या गटातल्या बऱ्याच जणांचे आवडते निवेदक बदलले. नाट्यमय वाचणारे त्यांना नकोसे झाले.

पाण्याचं मात्र कुठल्याच पुस्तकानं नीट सांगितलं नव्हतं. ॲशविलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला अठरा नोव्हेंबर उजाडला, त्रेपन्न दिवस. पिण्याच्या बाटल्या लवकर येऊ लागल्या. संडासात टाकायला पाणी नव्हतं. माणसं ओढ्यावरून बादल्या भरून आणत, म्हाताऱ्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचवत. आमच्या गटातली एक परिचारिका हे काम रोज करायची. ती नंतर बैठकीत म्हणाली, “एवढ्या कादंबऱ्या ऐकल्या, एकीतही कुणाला संडासला जावं लागत नाही.” तिच्याच शेजाऱ्यांना मी अर्ध्या बादलीत तांब्यानं आंघोळ कशी करायची ते दाखवलं. आई पानशेतच्या पुरानंतरच्या पुण्याबद्दल सांगायची. १९६१ साली धरण फुटलं आणि नदीला आलेला पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नव्हतं. मी इथल्या लोकांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की किती दिवस? पुराची उंची कुणी विचारली नाही.

पाणीपुरवठा खात्यात काम केलेले एक गृहस्थ गटात आहेत. त्यांनी ‘अर्थ अबाइड्स’ची बाजू घेतली. जॉर्ज स्टुअर्टच्या या १९४९च्या कादंबरीत माणसं जवळजवळ सगळी मेल्यावरही नळाला वर्षानुवर्षं पाणी येत राहतं आणि मग एक दिवस थांबतं. वादळानंतर हा भाग सगळ्यांना खोटा वाटायला लागला. ते म्हणाले, खोटा नाही. डोंगरातल्या तलावाचं पाणी उतारानंच येतं, वीज लागत नाही. आपलंही तसंच येत होतं. आपला तलाव राहिला, वाहिन्या गेल्या. २००४च्या पुरानंतर खास म्हणून खोल पुरलेली पर्यायी वाहिनीसुद्धा वाहून गेली. आणि वाहिन्या जोडल्यावरही तलाव इतका गढूळ होता की पाणी शुद्ध करता येईना, म्हणून तलावातच तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेट सोडावं लागलं. “स्टुअर्टच्या गोष्टीत पूर नव्हता,” ते म्हणाले, “माणसं नव्हती. वाहिनी गळत गळत जाते त्याला वेळ लागतो. त्यानं चौकशी करून लिहिलंय.” एखाद्या कादंबरीचं इतकं न्यायी परीक्षण मी कुठल्या नियतकालिकात वाचलेलं नाही.

‘स्टेशन इलेव्हन’बद्दलही मतं पालटली. एमिली सेंट जॉन मँडेलच्या त्या कादंबरीत साथीनंतर वीस वर्षांनी एक फिरती मंडळी गावोगाव शेक्सपिअरची नाटकं करते आणि वाद्यं वाजवते. पोटाला नाही तिथे नाटक कोण बघतं, असं म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ होते. वादळानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात अग्निशमन केंद्राच्या आवारात संध्याकाळी फिडल आणि बँजो घेऊन माणसं बसू लागली. ज्यांची घरं गेली होती तेही तिथे खुर्च्या ओढून बसत. त्या म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी वसंतात ते पुस्तक पुन्हा नेलं.

मधुमेही मुलाच्या आईनंही आपलं सोडलेलं पुस्तक पूर्ण केलं. वादळाच्या पाचव्या दिवशी तिच्याकडचा बर्फ संपला होता. खालच्या वळणावरचा एक माणूस, ज्याच्याशी तिचं कुंपणावरून भांडण होतं, त्यानं जनरेटरवर चालणारा आपला छोटा फ्रिज ट्रॅक्टरवर घालून आणून दिला आणि रोज डिझेल घालायला येत राहिला. पुस्तक परत करताना ती मला म्हणाली, लेखकानं शास्त्र बरोबर लिहिलंय, शेजारी चुकीचा लिहिलाय. बैठकीत तिनं हेच पुन्हा सांगितलं, आणि ट्रकचालकाशी तिची जुंपली.

ट्रकचालकाचं म्हणणं असं. आपण चांगले वागलो कारण आपल्याला माहीत होतं की ट्रक येणार आहेत. खेचरांवरून सामान आलं, हेलिकॉप्टर आली, बाहेरचा देश जागेवर होता. तीन महिने कुणीच आलं नसतं तर? पुस्तक त्या तीन महिन्यांबद्दल आहे. परिचारिका त्याला म्हणाली की पहिले दोन दिवस कुणालाच काही माहीत नव्हतं, रेडिओही नीट लागत नव्हता, आणि त्या दोन दिवसांत लोकांनी करवती घेऊन एकमेकांचे रस्ते मोकळे केले. पुस्तकांत दुसऱ्याच दिवशी दुकानं फुटतात. त्यावर तो म्हणाला, दोन दिवस म्हणजे काही नव्हे. तिनं विचारलं, मग किती दिवसांनी माणूस बदलतो, तुझ्याकडे आकडा आहे का? तो गप्प बसला नाही. वाद बैठक उठेपर्यंत चालला, मग पार्किंगमध्ये चालला.

मी स्वतः आईच्या बाजूची आहे. लेखक भांडकुदळ शेजाऱ्याला पहिल्या प्रकरणात बंदूक देतात, कारण त्यानं गोष्ट पळते. डिझेल घेऊन रोज येणाऱ्या माणसावर चारशे पानं लिहिणं जास्त अवघड आहे, आणि ज्यानं ते लिहिलं असेल ते पुस्तक मी शोधते आहे. पण ट्रकचालकाचा प्रश्नही मला खोटा वाटत नाही. या वर्षी गटानं ‘अलास, बॅबिलॉन’ पुन्हा लावायचं ठरवलं आहे. तिथेही गाव महिनोन् महिने तुटलेलंच असतं, लुटारूही येतात, आणि शेजारीही टिकतात. त्यात एक ग्रंथपाल आहे, ॲलिस कुक्सी. बॉम्ब पडल्यावर तिच्या वाचनालयात पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी होते. त्या प्रकरणावर बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. ट्रकचालकानं आधीच बजावलंय की तो फ्रेस्नोहून परतेपर्यंत बैठक घ्यायची नाही.